एकमत झालेलं पुस्तक

"दहापैकी दहा," काळदाते सर म्हणाले.

"माझेसुद्धा दहा," शबनम तांबोळी म्हणाल्या आणि चष्मा काढून ओढणीने पुसू लागल्या.

केतकीताई पानगावकरही घरून दहाच ठरवून आल्या होत्या. पण तो आकडा ओठांवर येता येता अडखळला. त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

बार्शी तालुक्यातल्या शाळांना चित्रकादंबऱ्या निवडून देणारं हे तिघांचं मंडळ. इतक्या वर्षांत त्यांचं एकमत फक्त चहा मागवण्यावर झालं होतं, तेही साखरेचा विषय निघेपर्यंत. केतकीताई निवृत्त चित्रकला शिक्षिका. पुस्तक हातात आलं की त्या आधी माणसांचे हात कसे काढलेत ते बघत. ज्याला हात जमत नाहीत तो चित्रकार आपल्या पात्रांना सारखं खिशात हात घालायला लावतो, आणि चित्रात चोरी करणारा गोष्टीतही चोरी करतो, असं त्यांचं पक्कं मत. शबनम वाचनालयात ग्रंथपाल. रडू आणणारं पुस्तक त्यांना मुळीच खपत नसे. "रडायला पुस्तक कशाला, कांदा आहे की," असं त्या तोंडावर म्हणत. काळदाते सर माजी मुख्याध्यापक; त्यांना शेवटच्या पानावर बोध लागे, आणि तो सापडला नाही की ते पुस्तक उलटं करून झटकल्यासारखं करत.

या तिघांची भांडणं इतकी लांबत की शेवटी सरांनीच नियम घातला. बैठकीत गोष्ट सांगायची नाही. सगळ्यांनी वाचलेलीच असते, उगाळली की डोकी तापतात. गुण सांगायचे, एका वाक्यात कारण सांगायचं आणि उठायचं.

"मग कारण सांगा ना, सर," केतकीताई म्हणाल्या.

"शेवट उदात्त आहे. पुढच्या पिढीने ज्यांच्यापुढे वाकावं, त्यांच्यापुढे वाकायला शिकवतो."

"आणि तुझं गं, शबनम?"

"अजिबात रडका नाही. एवढ्या दुःखाची गोष्ट, पण एक टिपूस नाही. म्हणून दहा."

केतकीताईंनी तोच शेवट वाचून पदर भिजवला होता.

टेबलाच्या कडेला 'पालवी' कंपनीचा तरुण प्रतिनिधी विहान शेटे बसला होता. त्याने हसून विचारलं, "मग एकमत म्हणायचं ना, मॅडम?"

"पुढच्या बैठकीत सांगते," केतकीताई म्हणाल्या. सरांनी भुवया उंचावल्या. शबनमने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू वरणात खडा लागला.

पुस्तकाचं नाव होतं 'टिकलीचं दीपगृह'. छापील पुस्तकांसारखं ते हातात घेऊन उलटायचं, पण त्याची पानं कागदाची नव्हती. पातळ, मळकट पांढरी पानं, आणि त्यांच्यावर विजेच्या इशाऱ्यावर सरकणारी शाई. पोरांच्या नाकावर बालवाडीपासूनच चष्मे चढू लागल्यावर अशी पानं निघाली. पानातच राईच्या दाण्याहून बारीक भिंगं पेरलेली असतात. ती वाचणाऱ्याच्या डोळ्यावर नजर ठेवतात आणि डोळा शिणला की अक्षर मोठं करतात, उजेड कमी करतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनीच ती वाखाणली होती. भिंगं डोळे जपतात, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

घरी आल्यावर केतकीताई ओवीच्या खोलीत डोकावल्या. ओवी म्हणजे त्यांची नात, पाचवीतली. गेल्या दिवाळीनंतर तिची आई सावनी अचानक गेली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, आणि सकाळी डबा भरणारी बाई संध्याकाळी नव्हती. त्यानंतर ओवी कितीतरी दिवस उशीत तोंड खुपसून रडायची. 'टिकलीचं दीपगृह' मंडळाकडे आलं तेव्हा केतकीताईंनी स्वतः आधी वाचलं. वादळात होडी घेऊन गेलेली आई परत येत नाही. रिकामी होडी किनाऱ्याला लागते. तिची लेक टिकली त्या होडीत बसून चार पानं नुसती रडते, एक शब्दही नाही, आणि मग उठून दीपगृहाचा दिवा लावते. मुलांपासून मरण न लपवणारं इतकं खरं पुस्तक त्यांनी पाहिलं नव्हतं. म्हणून देवाचं नाव घेऊन त्यांनीच त्याची एक प्रत ओवीच्या हातात ठेवली होती.

आणि ओवीचं रडणं थांबलं. तिचा बाबा, म्हणजे केतकीताईंचा मुलगा निनाद, तर आईचे पाय धरायचा बाकी राहिला होता.

आता ओवी खाटेवर भिंतीकडे तोंड करून वाचत होती. आजीची चाहूल लागताच तिने पुस्तक मिटलं.

"कितव्यांदा वाचतेस गं?"

"माहीत नाही."

"एवढं आवडलं? मला तर ते रिकाम्या होडीचं चित्र डोळ्यांपुढून हलत नाही बघ."

ओवीने मान वळवली. "कुठली रिकामी होडी?"

"टिकलीची आई गेलेली असते ना, ती होडी परत…"

"आई येते ना होडीतून! केस ओले असतात तिचे. टिकलीला कडेवर घेते. तू नीट वाचलंच नाहीस, आजी."

केतकीताई हसल्या, हो हो म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. निनाद पोळ्या लाटत होता. आताशा त्याच्या पोळ्या गोल होऊ लागल्या होत्या.

"निनाद, ते पुस्तक ओवीबरोबर बसून एकदा माझ्यासमोर उघड बरं."

"कशाला?"

"काहीतरी गडबड आहे त्यात."

त्याने लाटणं थांबवलं. "आई, ती आता कुठे जेवायला लागलीय. काल शाळेतला एक विनोद सांगितला तिने मला. गडबड असली तर असू दे. तुझ्या मंडळाची भांडणं माझ्या घरात आणू नकोस."

"माझ्या घरात," तो म्हणाला. ते शब्द केतकीताईंनी तिथेच गिळले. खरं तर पुस्तकावरच्या संशयाइतकाच आणखी एक संशय त्यांना पोखरत होता. आपण रडलो, ते नेमकं कशाने रडलो?

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या वाचनालयात गेल्या. शबनम नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होत्या.

"नियम मोडायला आलेय," केतकीताई म्हणाल्या. "मला टिकलीची गोष्ट सांग."

"तू वाचलीयेस ना?"

"वाचलीय. तू सांग."

"बाई गं!" शबनमने शिक्का खाली ठेवला. "बरं ऐक. आई वादळात जाते, परत येत नाही. तर पोरगी डोळ्यांतून पाणी न काढता भरती-ओहोटीचा अभ्यास करते, आरसे जोडून दुप्पट लांबवर जाणारा दिवा बनवते. संपलं. काय जिद्दीची पोर आहे!"

"आणि होडीत बसून चार पानं रडते ते?"

"चार पानं? माझ्या पुस्तकात? चार पानं रडली असती तर मी दोन गुण दिले असते का तरी?"

"ओवीच्या पुस्तकात आई परत येते, शबनम."

वाचनालयात पंखा फिरत होता. शबनमने उठून मंडळाची प्रत आणली, टेबलावर सपाट ठेवली, आणि दोघी एकाच वेळी तिच्यावर वाकल्या. पांढऱ्या केसांची दोन डोकी एकमेकींना टेकली.

होडीच्या पानापर्यंत सगळं सुरळीत होतं. तिथे मात्र टिकलीचा चेहरा थरथरला. डोळे भरून आले, कोरडे झाले, पुन्हा भरले. दोन गिऱ्हाइकांनी एकदम हाक मारल्यावर दुकानदाराने इकडे बघू की तिकडे करावं, तसं त्या पानाचं झालं. मग सगळी शाई क्षणभर पुसली गेली आणि सावकाश एक वेगळंच चित्र वर आलं. दोघींपैकी कोणीही ते पाहिलेलं नव्हतं. दीपगृहाच्या उंचीवरून दिसणारी रिकामी होडी, बोटाच्या पेराएवढी. टिकली पाठमोरी. तिचा चेहरा दिसतच नव्हता.

केतकीताईंची नजर सवयीने हातांकडे गेली. टिकलीने कठडा एवढा घट्ट धरला होता की बोटांची हाडं वर आली होती, आणि एका नखाशी मीठ सुकलं होतं.

"हे हात माणसाने काढलेत," त्या हळूच म्हणाल्या. "शबनम, माझ्या पुस्तकातले हात मी बघितलेच नव्हते गं. मी रडत होते."

पुढची पानं दोघींनी शेवटपर्यंत वाचली. मग शबनमने फोन उचलला आणि विहानला ताबडतोब बोलावलं.

विहान आला तो हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. त्याला वाटलं निकाल लागला. टेबलावर उघडं पुस्तक आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन बाया पाहून तो खुर्चीत बसला आणि पुडा त्याने मांडीवरच ठेवला.

"हे पान गोष्ट बदलतं," शबनम म्हणाल्या. "कसं, ते आम्हाला कळेल असं सांग. आणि गोड बोलू नकोस."

पोरगा हुशार होता, आणि खोटं बोलणाराही नव्हता. त्याने बोट ठेवलं ते दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीवर.

"चित्रकादंबरी खरी इथे घडते, मॅडम. पहिल्या चौकटीत दार बंद, दुसऱ्या चौकटीत उघडं. ते कोणी उघडलं, कसं उघडलं, हे चित्रकार काढत नाही. वाचणारा मनात काढतो. म्हणून चांगला वाचक या पट्टीवर किंचित थांबतो. त्या थांबण्यात तो अंदाज बांधत असतो, पुढे काय व्हावं याचा. पूर्वी तो अंदाज कुणालाच कळायचा नाही. आमची भिंगं डोळ्याची बाहुली किती रुंदावली, नजर पुढच्या पानाच्या कोणत्या कोपऱ्याकडे आधीच धावली, कुठे दचकून मागे आली, ते मोजतात. हजारो वाचकांच्या डोळ्यांवरून यंत्र शिकलंय. वाचणाऱ्याला काय हवंय हे त्याच्या आधी त्याला कळतं. मग पुढची चौकट तशी येते."

"म्हणजे दुखलं की सोडून देतं," केतकीताई म्हणाल्या.

"ज्याला दुखायला हवं असतं त्याला दुखवतं, मॅडम. तुम्हाला रडायचं होतं."

केतकीताईंना कोणीतरी कानाखाली वाजवल्यासारखं झालं. देवळातसुद्धा न दाखवलेले अश्रू त्या पुस्तकापुढे आपण मोकळे केले, आणि ते पुस्तक आपल्याला वाचत बसलं होतं.

"माझ्या नातीची आई गेलीय हे तुमच्या पुस्तकाला कोणी सांगितलं?"

विहानचा चेहरा उतरला. त्याला हे माहीत नव्हतं. "कोणी नाही. त्याला कोणाचंच काही माहीत नसतं. तिची नजर समुद्रावर थांबत असेल. थांबत राहिली असेल. मग यंत्राने समुद्रातून…"

"आणि दोघींनी मिळून बघितलं तेव्हा आलेलं चित्र?"

"ते मूळ चित्र. दोन जोड्या डोळे वेगवेगळं मागतात तेव्हा यंत्र मागे सरतं, चित्रकाराने काढलेल्या चित्रावर."

"त्या चित्रकाराचं नाव कुठे आहे?"

"करारात नाव द्यायचं नसतं, मॅडम." त्याने पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. मग जरा धीर करून म्हणाला, "मी इथलाच आहे. माझी आजी मला भगवंताच्या देवळात कीर्तनाला न्यायची. तुम्हीही पुढे बसलेल्या असायच्या, मला आठवतं. बुवा काय करतात हो? समोर कोण बसलंय ते बघून कथा रंगवतात. आम्ही तेच करतो, एकेका मुलासाठी. त्यात वाईट काय, तेवढं मला समजावून सांगा."

पेढे कोणी खाल्ले नाहीत. केतकीताई तो प्रश्न तसाच घरी घेऊन गेल्या.

एकादशीला त्या देवळात गेल्या त्या कधी नव्हे ते संशय बरोबर घेऊन. लहानपणापासून कीर्तनात त्या स्वतःला विसरून बसत आल्या होत्या. पेटीचा सूर भरला, झांज किणकिणली की त्यांच्या खांद्यांवरचं ओझं आपोआप उतरे. आज मात्र त्या श्रीरंगबुवांचे डोळे बघत बसल्या. चोरावर पाळत ठेवावी तशी.

आणि खरंच की, बुवा बघत होते! पूर्वरंगात नामाचं निरूपण करता करता मागच्या रांगेतली एक बाई पेंगताना दिसली, तशी त्यांनी चाल बदलली. पुढ्यात पोरं बसली होती म्हणून सासू-सुनेचा विनोद कापून शाळेतल्या मास्तरांचा घातला. मध्यंतरात हार आणि बुक्का झाला, तोवर केतकीताईंनी मनाशी कबूल करून टाकलं होतं की विहान बरोबर आहे आणि आपण इतकी वर्षं फसत आलो.

उत्तररंगाला बुवांनी एका भक्त बाईचं आख्यान लावलं. तिची तरणी सून पाणी आणायला नदीवर जाते आणि पूर येतो. पुढे काय येणार ते केतकीताईंना दोन पदं आधीच कळलं. त्यांनी मान हलवली, अगदी नकळत, नको नको म्हणावं तशी.

बुवांनी ते पाहिलं. चिपळ्या एका ठोक्यापुरत्या थांबल्या. त्यांची नजर केतकीताईंवर स्थिर झाली, तिच्यात एवढी माया होती की त्यांना वाटलं, आता हा माणूस आपल्यासाठी पूर ओसरवणार.

बुवांनी पूर ओसरवला नाही. घागर एकटी वाहत आली, असं त्यांनी गाऊन सांगितलं. फक्त लय उतरवली, तबलजीला खुणेनं गप्प केलं, एकेक शब्द हातात द्यावा तसा दिला. आणि मग पुढे गेलेच नाहीत. केतकीताईंनी डोळे पुसून मान वर करेपर्यंत ते तसेच उभे राहिले. मान वर झाली तसा त्यांनी विठ्ठलनामाचा गजर सुरू केला. शेजारच्या अनोळखी बाईने टाळी वाजवता वाजवता केतकीताईंच्या गुडघ्यावर हात ठेवला, तिचेही डोळे वाहत होते, आणि सगळं देऊळ एका तालात म्हणू लागलं.

कीर्तन संपल्यावर पाया पडताना त्यांनी विचारलं, "बुवा, आम्हाला बघून तुम्ही कथा बदलता ना?"

"बदलतो की! पोट आहे," बुवा हसले. मग त्यांच्या कपाळाला बुक्का लावत म्हणाले, "मेलेलं माणूस मात्र मला उठवता येत नाही, ताई. तो अधिकार माझा नव्हे. मी फार तर जरा थांबतो."

बैठकीच्या दिवशी केतकीताईंनी सरांचा नियम सरांसमोरच मोडला. एकच प्रत टेबलाच्या मध्ये ठेवली आणि तिघांना खुर्च्या जवळ ओढायला लावल्या. "हा काय पोरकटपणा, पानगावकर बाई!" असं कुरकुरत सर वाकले. पान थरथरलं, शाई पुसली गेली, मूळ चित्रं आली. सर बराच वेळ पानं पुढेमागे करत राहिले.

"माझ्या पुस्तकात एक म्हातारे मास्तर होते," ते म्हणाले. "टिकलीला दिवा लावायला तेच शिकवतात. शेवटी सगळा गाव त्यांचा सत्कार करतो. ते कुठे गेले?"

कोणी हसलं नाही. शबनमसुद्धा नाही.

"सर, ते नव्हतेच," केतकीताई म्हणाल्या.

विहान भिंतीशी उभा होता. केतकीताई त्याच्याकडे वळल्या. "तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. बुवा माझ्याकडे बघतात, आणि बघूनही मला खरं सांगतात. शंभर माणसांदेखत सांगतात, म्हणून शेजारणीला माझा हात धरता येतो. तुमचं पान एकट्याला गाठतं. एकाच वर्गातली तीस मुलं हे वाचतील आणि मधल्या सुट्टीत एकमेकांशी बोलायला त्यांच्यापाशी एकही गोष्ट नसेल. ज्याला बोलायला जमणार नाही, तो पुन्हा त्या पानाकडेच जाईल. माझे शून्य. आणि ती मूळ चित्रं साध्या कागदावर छापून आणा, चित्रकाराच्या नावासकट. माझे दहा तेव्हा देईन."

"माझेही शून्य," शबनम म्हणाल्या. "आणि मूळ पुस्तकाला आठ. ती पोरगी त्यातही जरा जास्तच वेळ उभी राहते."

"माझे दहाच," काळदाते सर म्हणाले. त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं नाही. "मला ते मास्तर हवे आहेत."

दोन विरुद्ध एक. पुस्तक शाळांत जाणार नव्हतं. विहानने सगळ्या प्रती गोळा केल्या आणि संकोचून म्हणाला, "एक तुमच्या घरी आहे, मॅडम. ती… तुम्हाला वाटेल तेव्हा द्या."

मंडळात शून्य म्हणणं सोपं होतं. घरच्या दारात चपला काढताना केतकीताई रेंगाळल्या. सरांचं वय सत्तरीचं, तरी त्यांना मास्तर सोडवले नाहीत. ही तर दहा वर्षांची पोर.

निनाद दारातच आडवा आला. शबनमचा फोन येऊन गेला होता. "आई, ते पुस्तक तू काढून घेणार असशील तर मी तुला अडवीन. सांगून ठेवतो."

"काढून घेत नाही. जाऊ तर दे आत."

"सावनी तिला रोज भेटते त्यात. कळतंय का तुला? रोज. मला भेटली असती तर मी…" त्याचा आवाज फाटला आणि तो बाजूला झाला.

ओवी नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून बसली होती. या वेळी तिने पुस्तक मिटलं नाही, छातीशी धरलं. केतकीताई खाटेच्या टोकाला टेकल्या आणि पानाच्या दिशेने जरा वाकल्या.

"बाजूला हो ना, आजी," ओवी म्हणाली. "तू बघितलंस की ती येत नाही."

म्हणजे पोरीला ठाऊक होतं. भिंतीकडे तोंड करून बसणं, चाहूल लागताच पान मिटणं, सगळ्याचा उलगडा झाला. केतकीताईंनी झटकन मान फिरवली आणि खिडकीकडे पाहत राहिल्या.

"कधी कळलं तुला?"

"एकदा बाबा मागे येऊन उभा होता. तेव्हा होडी रिकामीच आली."

"बाबाला सांगितलं नाहीस?"

"तो मग कधीच आला नसता माझ्या खोलीत. मी वाचत असताना."

बुवांसारखं जरा थांबायचं, एवढंच केतकीताईंना जमण्यासारखं होतं. त्या थांबल्या. खिडकीबाहेर कोणीतरी स्कूटर चालू करायला धडपडत होतं.

"आजी."

"हं."

"ती मला ओरडत नाही."

"कोण?"

"पुस्तकातली आई. मी मुद्दाम वेणी न घालता बसते. नखं खाते. एकदा दूध खिडकीतून ओतलं आणि मग पान उघडलं. ती नुसती कडेवर घेते. आई असती तर…" ओवीच्या ओठांचा कोपरा थरथरला. "आईने पाठीत धपाटा घातला असता."

"दोन घातले असते," केतकीताई म्हणाल्या. "दूध ओतलंस म्हणून एक आणि माझ्या कुंडीत ओतलंस म्हणून एक."

ओवीला हसू फुटलं आणि त्यातच रडू आलं, कितीतरी दिवसांनी. केतकीताईंनी तिला जवळ ओढलं नाही. त्यांनी मान अजून खिडकीकडेच ठेवली होती. पोरीचं मनासारखं रडून झालं, फ्रॉकने नाक पुसलं, आणि भिंतीकडे सरकून तिने खाटेवर एका माणसापुरती जागा केली.

"ये," ती म्हणाली. "पण हात धर माझा."

केतकीताई सरकल्या. दारातून निनाद बघत होता. ओवीने त्यालाही मानेनं बोलावलं, आणि तो मोठा माणूस खाटेशी गुडघे टेकून बसला. तिघांची नजर एका पानावर पडली. ओल्या केसांची बाई क्षणभर दिसली, थरथरली, पुसट होत गेली. ओवीने आजीचा हात इतका दाबला की त्यांची बोटं पांढरी पडली. पाण्यावर बोटाच्या पेराएवढी रिकामी होडी वर आली.

ओवी त्या होडीकडे खूप वेळ बघत राहिली. मग तिने पानाच्या कोपऱ्याखाली बोट घातलं आणि चपापली.

"अरे, पुढे आहे अजून!" ती म्हणाली. तिच्या गोष्टीत आई आली की पुस्तक तिथेच संपायचं, पुढची पानं कोरीच राहायची. "बाबा, बघ ना, केवढी पानं आहेत!"

तिने पान उलटलं.